खुव्वा: बदूंना हप्ता देणारी खजुराची गावं आणि दूरचा सुलतान

अलिप्त_प्रवासी (धागाकर्ता)

मंडळी, सध्या उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यातल्या अरबी मुलखाबद्दल मिळेल ते वाचतोय. त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा काथ्याकूट.

सीरियाच्या वाळवंटात तदमुर नावाचं गाव आहे. प्राचीन पाल्मिरा ते हेच. एकेकाळी रोमशी टक्कर घेतलेलं हे शहर, पण उस्मानी काळात अख्खं गाव बेल देवाच्या जुन्या मंदिराच्या आवारात राहत होतं. चारी बाजूंना दोन-दोनशे मीटर लांबीच्या दगडी भिंती, आत मातीच्या घरांची दाटी, मधल्या गाभाऱ्याची मशीद. फ्रेंचांनी 1929 नंतर लोकांना बाहेर काढून शेजारी नवं गाव वसवलं, तोवर मुक्काम तिथेच. कारण बदूंची (बेदुइन टोळ्यांची) धास्ती. आणि एवढ्या भिंती असूनही गावाला टोळ्यांना 'खुव्वा' (संरक्षणाचा हप्ता) देणं चुकलं नाही. धान्य, कापड, रोख, जे ठरेल ते दरवर्षी पोचतं करायचं.

कागदोपत्री हा मुलूख 1516 पासून 1918 पर्यंत सुलतानाचा. म्हणजे कर सुलतानाला द्यायचा आणि संरक्षण मात्र शेखाकडून (टोळीप्रमुखाकडून) विकत घ्यायचं. तदमुर एकटं नाही. अरबस्तानातली जौफ, तैमा, खैबर ही मरूद्यानं घ्या, सगळीकडे कमीजास्त हेच.

माझ्या मते ही सरळसरळ खंडणी. पण बरेच अभ्यासक तिला 'परस्परावलंबन' वगैरे गोंडस नाव देतात. तुम्हाला काय वाटतं? आणि लोकांनी हे शतकानुशतकं का चालू दिलं?

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ताम्हण

वाचनखूण साठवली. निवांत वाचून प्रतिसाद देते.

कोल्हापुरी_रस्सा

ही तर आपली चौथाईच की! आपण घेतली तर हक्क, बदूंनी घेतली तर खंडणी? :)

शंकासुर

@कोल्हापुरी_रस्सा, तिसऱ्याच प्रतिसादात धाग्याचं पानिपत करू नका. चौथाईमागे राज्य होतं, दप्तर होतं, कमाविसदार होते, 1719 च्या बादशाही सनदा होत्या. बदू शेखाकडे दप्तर कुठलं? तो स्वतःच उंटावर बसून यायचा.

धागाकर्त्याशी सहमत. खंडणी.

दमामकर

बरीच वर्षं पूर्व सौदीत आहे, म्हणून दोन पैसे माझेही.

अल-हसाचं मरूद्यान आमच्यापासून गाडीने दीड तासावर. होफूफ हे तिथलं मुख्य शहर. बागेत शिरलं की आपण वाळवंटात आहोत हे विसरायला होतं. वर खजुराची सावली, खाली लसूणघासाचे वाफे, पाटातून पाणी. आणि बागेचा बांध संपला की पुढच्या पावलाला वाळू. सगळं गणित त्या बांधावर आहे.

गावाला कोट घालता येतो, बागेला घालता येत नाही. खजुराचं झाड लावल्यावर फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. दर वसंतात माणूस वर चढून नर झाडाचा मोहोर मादी झाडाला बांधतो, तेव्हा कुठे घड धरतात. एवढ्या मेहनतीचं झाड कुऱ्हाडीने एका दुपारीत जातं. त्यामुळे बदूंना कोटाला वेढा घालायची गरजच नव्हती. बागेत उंट सोडले, विहिरीवरचे दोर तोडले, रस्त्यावर तांडा अडवला, की गाव बोलणीला तयार.

पण बदूंचंही गावावाचून अडायचं. नुसत्या उंटाच्या दुधावर वर्ष निघत नाही. धान्य, खजूर, कॉफी, कापड, तांब्याची भांडी, बंदुकीची दारू, सगळं गावातून. उन्हाळ्यात आतलं गवत-पाणी आटलं की कळप घेऊन मरूद्यानाजवळच्या विहिरींवर यावंच लागे. गावाने बाजार बंद केला तर टोळीच्या चुली बंद.

म्हणून खुव्वा ठरायचा. एका टोळीला दिला की बाकीच्यांपासून राखायची जबाबदारी तिची. गावाची जनावरं कुणी पळवली तर शेखाने ती मिळवून आणायची. नाही आणली तर त्याची चारचौघांत नाचक्की आणि पुढचा हप्ता बंद. याला नुसती खंडणी म्हणणं मला पटत नाही. करार होता तो, कडक करार.

शंकासुर

@दमामकर, प्रतिसाद माहितीपूर्ण, पण तुम्ही गल्लीतल्या दादाचंच वर्णन केलंत. दादासुद्धा दुसऱ्या दादापासून वाचवतोच.

दमामकर

दादाला तुमच्या दुकानाशिवाय खायला मिळत नाही असं नसतं ना. इथे होतं.

भटक्या_विमुक्त

अल-उलाचं जुनं गाव पाहून आलोय. मदिनेच्या उत्तरेला, दमास्कसहून येणाऱ्या हाजच्या वाटेवर. जवळपास 900 घरं एकमेकांना अशी चिकटलेली की बाहेरच्या घरांच्या पाठभिंती हाच गावाचा तट. गल्ल्यांवर माड्या बांधून काढल्यामुळे भर दुपारी आत अंधार आणि गारवा. रात्री दरवाजे लावले की संपलं. गाईड सांगत होता की उन्हाळ्यात लोक बागेतल्या घरांत राहायला जायचे आणि थंडीत पुन्हा या दाटीत. लोक 1980 च्या दशकापर्यंत राहत होते तिथे.

तिथून पुढे तैम्याला गेलो. तिथली हद्दाज विहीर बघाच. तोंडाचा व्यास अठरा मीटरच्या आसपास, चहूबाजूंनी लाकडी चाकं आणि उंट जायला-यायला वाटा. जोमात असताना शंभराच्या घरात उंट एकाच वेळी पाणी ओढायचे म्हणे. ही विहीर असलेल्या गावावर टोळ्यांची नजर नसती तरच नवल.

कोल्हापुरी_रस्सा

म्हणजे आमच्या आज्याच्या मळ्यातली मोटच ही, बैलांच्या जागी उंट! मोटेचं चाक करकरायला लागलं की पाच वाजले म्हणून समजायचं. गाण्यांची हौस उंटांना होती का?

भटक्या_विमुक्त

होती की! उंट हाकताना गायची वेगळी गाणीच असतात. पण तो स्वतंत्र विषय.

निशिगंधा

मी जरा मसाला घालते. तदमुरचा रस्ता ज्या टोळ्यांच्या हातात होता त्यांनी युरोपीय पाहुण्यांकडूनही व्यवस्थित वसुली केली. 1813 मध्ये लेडी हेस्टर स्टॅनहोप तिथे गेली. ही ब्रिटिश पंतप्रधान पिटची भाची. सुलतानाचे कागद असून उपयोग नव्हता. हसना टोळीचा शेख मिहन्ना अल-फादिल याच्याशी पैसे ठरले, त्याची माणसं बरोबर आली, तेव्हा बाईसाहेब पोचल्या.

पुढे जेन डिग्बी नावाची आणखी एक इंग्रज उमराव घराण्यातली बाई 1853 मध्ये आली. तिला तदमुरला घेऊन गेला मिजवल अल-मिझराब. बाई त्याच्याच प्रेमात पडली, लग्न केलं, अर्धं वर्ष दमास्कसच्या घरात आणि अर्धं वर्ष काळ्या तंबूत असा संसार 1881 मध्ये वारेपर्यंत केला. नवरा पुढेही तदमुरच्या पर्यटकांना सोबत देत राहिला, मोबदला भरपूर.

रिकामटेकडा

मग रस्त्यात हल्ला करणारे पण त्याचेच चुलत भाऊ असतील. टूर पॅकेज. (हलके घ्या.)

सदूभाऊ

सुलतान काय करत होता, हा धाग्यातला मुख्य प्रश्न बाजूलाच राहिला. उत्तर असे की सुलतानसुद्धा हप्ता देत होता!

दमास्कसहून मक्केला जाणारा हाजचा तांडा सुखरूप पोचवणे ही सुलतानाच्या इभ्रतीची बाब. त्यासाठी वाटेवरच्या टोळ्यांना दरवर्षी 'सुर्रा' म्हणजे रोख थैल्या दिल्या जात. शिवाय वाटेवर पाण्याच्या टाक्या आणि त्या राखायला छोटे किल्ले. कतराना, मआन, तबूक, मदाइन सालेह ही त्यांतली ठळक ठाणी. किल्ल्यातले शिपाई मोजके, त्यामुळे खरी भिस्त थैल्यांवरच.

थैल्या चुकल्या तर काय होते, ते 1757 मध्ये दिसले. दुष्काळाची वर्षे, दमास्कसचा अनुभवी वाली (सुभेदार) असद पाशा अल-अझम पदावरून दूर केलेला, आणि टोळ्यांचे देणे थकलेले. बनी सख्र टोळीने इतरांना हाताशी धरून आधी मदतीला निघालेली तुकडी लुटली, मग परतीचा मुख्य तांडा तबूकच्या उत्तरेला गाठला. हत्यारांनी मेले त्यापेक्षा तहानेने आणि उन्हाने जास्त. एकूण आकडा 20,000 च्या आसपास सांगितला जातो. त्यात सुलतानाची बहीणही होती.

ज्याला स्वतःच्या बहिणीला वाचवता आले नाही, तो तदमुरच्या शेतकऱ्याला काय वाचवणार?

अलिप्त_प्रवासी

@सदूभाऊ, दंडवत. म्हणजे सुलतानापासून कुणब्यापर्यंत सगळेच देत होते. पण सुलतानाची थैली शेवटी कुणाच्या खिशातून आली? करातूनच ना? म्हणजे गाववाल्याने दोनदा भरले.

प्राध्यापक

येथवरच्या चर्चेत एक गृहीतक शिरले आहे की 'गाववाले' हा एक गट आणि 'बदू' हा दुसरा. प्रत्यक्षात तसे नव्हते. खैबर पाहा.

मदिनेच्या उत्तरेला काळ्या ज्वालामुखी दगडांच्या पठारात असलेले हे मरूद्यान. पाणी विपुल, आणि म्हणूनच हिवताप भयंकर. झाडांची मालकी अनझा टोळीच्या शाखांकडे, म्हणजे बदूंकडे. पण तेथे राहून कष्ट करणारे मात्र आफ्रिकी वंशाचे लोक, कुणी गुलाम, कुणी मुक्त झालेल्या गुलामांची संतती. मालक तापाच्या भीतीने तेथे वस्ती करत नसत. खजूर उतरवायच्या दिवसांत यायचे, अर्धा वाटा घ्यायचा, उंटांवर लादायचा आणि निघून जायचे.

1870 च्या दशकात उस्मानी सरकारने मदिनेहून तेथे ठाणे बसवले. 1877 च्या अखेरीस एक इंग्रज प्रवासी तेथे पोहोचला, तर त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याने त्याला हेर समजून कित्येक आठवडे अडकवून ठेवले. ठाणे आले म्हणून कसणाऱ्याचे काय झाले? मालकाचा वाटा होताच, त्यावर सरकारची वसुली आली.

@दमामकर, तुम्ही म्हणता तो करार होफूफच्या व्यापाऱ्यासाठी खरा असेल. ज्याच्याकडे बंद करायला बाजार आहे, त्याचा शेखाशी करार होतो. खैबरच्या माणसाकडे बंद करायला काय होते?

ताम्हण

वाचतेय. प्राध्यापकांचा प्रतिसाद फार आवडला.

दमामकर

@प्राध्यापक, खैबरबद्दल तुमचा मुद्दा मान्य. पण ती बटई आहे, खुव्वा नव्हे. दोन्ही एका मापाने मोजू नका.

होफूफबद्दल आणखी थोडं. उस्मानी तिथे दोनदा आले. पहिल्यांदा सोळाव्या शतकात, आणि 1670 मध्ये बनी खालिद या बदू टोळीनेच त्यांना हाकलून स्वतः राज्य केलं. म्हणजे लुटणारे राज्यकर्ते झाले! दुसऱ्यांदा 1871 मध्ये, बगदादचा वाली मिदहत पाशाने फौज पाठवली. ती सत्ता 1913 पर्यंत टिकली, म्हणजे कोटात टिकली. उकैर बंदरातून होफूफला माल यायचा, वाटेत तांडे लुटले जायचे. शिपाई कोटात आणि रस्ता टोळ्यांचा. 1913 मध्ये इब्न सौद एका रात्रीत आत शिरला, तेव्हा शहर फार लढलं नाही.

शंकासुर

म्हणजे चाळीस वर्षं कर भरून रस्ता असुरक्षितच. यापेक्षा शेख बरा, निदान तोंडावर भांडता येतं.

(मी बाजू बदलत नाहीये, अजूनही खंडणीच म्हणतोय.)

सह्याद्रीवासी

अवांतर: या सगळ्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. नज्दमधल्या (मध्य अरबस्तानातल्या) उनैझा आणि बुरैदा या गावांतले 'उकैलात' व्यापारी बदूंकडून उंट आणि घोडे घ्यायचे. उंट दमास्कस आणि कैरोच्या बाजारात, घोडे बसरा-कुवेतहून गलबतांनी मुंबईत. एकोणिसाव्या शतकात इथल्या घोडदळासाठी आणि शर्यतींसाठी अरबी घोड्यांना प्रचंड मागणी. भेंडीबाजार-भायखळा भागात अरब व्यापाऱ्यांचे तबेले होते. म्हणजे बदूंच्या तंबूसमोर वाढलेलं शिंगरू शेवटी मुंबईच्या रेसकोर्सवर!

आणि हे व्यापारी बदूंच्या मुलखातून जात कसे? प्रत्येक टोळीचा एक माणूस 'रफीक' म्हणून बरोबर घ्यायचे. त्याची टोळी मग हात लावत नाही. पुढची हद्द आली की पुढचा रफीक.

कोल्हापुरी_रस्सा

अरबी घोडे निघाले म्हणून आठवलं, मालेगावचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांशी महिनाभर लढवला तोही अरबांनीच ना?

सह्याद्रीवासी

हो, पण मराठ्यांच्या नोकरीतले अरब शिपाई मुख्यतः दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतचे. तो भाग वेगळा, इथल्या टोळ्या वेगळ्या. नागपूरच्या भोसल्यांकडे, हैदराबादला निजामाकडे हेच. हैदराबादेत जमादारी करून पैसा कमावलेल्या कुऐती (कुवेतचे नव्हेत) घराण्याने पुढे हद्रमौतमध्ये जाऊन राज्य उभं केलं. कुणीतरी धागा काढा यावर.

संपादक_काका

मालेगाव आणि हैदराबादसाठी नवा धागा काढावा. इथे मरूद्यानंच राहू द्या.

निशिगंधा

मला एक कळत नाही. गावं एकत्र होऊन का लढली नाहीत? तटबंदी, बंदुका, पैसा, सगळं होतं.

प्राध्यापक

@निशिगंधा, कारण गाव स्वतःच एक नव्हते. जौफमध्ये मोहल्ल्या-मोहल्ल्यांत हाडवैर होते, आणि प्रत्येकाला बाहेरच्या टोळीचा पाठिंबा हवा असे. आजच्या जॉर्डनमधल्या मआनचे दोन भाग, शामिया आणि हिजाझिया, एकमेकांशी लढत. इजिप्तमधल्या सिवा मरूद्यानात तर बाहेरच्या टोळ्यांपासून वाचण्यासाठी बांधलेल्या शाली नावाच्या कोटाच्या आतच पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असे दोन तट पडले होते.

आणि जे गाव एकजुटीने उभे राहिले, त्याची गत वेगळी झाली. उत्तर अरबस्तानातल्या हाइलचे इब्न रशीद घराणे शम्मर टोळीतलेच, पण गावात राहणारे. 1830 च्या दशकात सत्ता घेतल्यावर त्यांनी गावची माणसे आणि शम्मर बदू अशी दोन्ही बळे एकत्र केली. जौफ आणि तैमा घेतले. आता या गावांनी टोळ्यांना वेगवेगळे देण्याऐवजी हाइलला एकदाच द्यायचे. तलाल इब्न रशीदच्या काळात रस्ते इतके निर्धास्त झाले की इराककडचे व्यापारी हाइलमध्ये दुकाने थाटू लागले. म्हणजे सुलतानाला जमले नाही ते एका आडगावच्या अमीराला जमले.

पुढे 1891 मध्ये मुलैदाच्या लढाईत याच घराण्याने उनैझा-बुरैदाच्या लोकांची कत्तल केली, हेही सांगायला हवे. त्या लढाईत गाववाल्यांच्या बाजूनेही बदू होते आणि समोरही बदू होते.

अलिप्त_प्रवासी

हे भारी आहे. म्हणजे 'बदू विरुद्ध गाव' अशी रेघ लढाईच्या मैदानात सापडतच नाही. पण मग खुव्व्याच्या वहीत ती कशी सापडते? देणारा नेहमी गावचा आणि घेणारा नेहमी तंबूतला, हे तर खरंच ना?

सदूभाऊ

सरकारचेही पुढे डोळे उघडले. 1858 चा जमीन कायदा, मग फुरात (युफ्रेटिस) नदीवर देर-अझ-झोर येथे ठाणे आणि प्रशासन, 1893 मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या करकला फौज. शेखांना पदव्या, पदके, त्यांच्या नावावर जमिनी. सुलतान अब्दुल हमीदने तर 1892 मध्ये इस्तंबूलला टोळीप्रमुखांच्या मुलांसाठी खास शाळाच काढली. पोरे सभ्य होतील, निष्ठावंत होतील! 1907 मध्ये ती बंद पडली, आणि त्याआधी मुलांनी जेवणावरून दंगा घातला होता.

रिकामटेकडा

मेसच्या जेवणाने साम्राज्यं जातात हे आमच्या हॉस्टेलवर कधीच सिद्ध झालंय.

सदूभाऊ

मग आली हिजाझ रेल्वे. 1908 मध्ये मदिनेला पोहोचली. उंट भाड्याने देणारे आणि सुर्रा घेणारे बदू भडकले, मदिनेच्या बाजूला हर्ब टोळीने हल्ले केले. हे अपेक्षितच. पण 1910 मध्ये करकला काय झाले ते पाहा. सरकारने जनगणना काढली, त्यामागून सक्तीची लष्करभरती आणि हत्यारजप्ती येणार हे उघड होते. तेव्हा करकचे गावकरी आणि आसपासचे बदू एकत्र उठले. सरकारी कचेऱ्या जाळल्या, कतरानाच्या रेल्वे स्टेशनावर हल्ला केला. सामी पाशाने फौज आणून ते मोडून काढले.

धागाकर्त्याचा मूळ प्रश्न होता, लोकांनी शेखाला का चालवून घेतले. करकच्या लोकांना दोन्ही मालक माहीत होते. वेळ आली तेव्हा ते शेखाबरोबर उभे राहिले.

शंकासुर

करक हे डोंगरावरचं किल्ल्याचं गाव, मरूद्यान नव्हे. शिवाय तिथले पुढारी स्वतःच टोळीवाले. उदाहरण मोजलं जाणार नाही.

प्राध्यापक

शंकासुरांची हरकत अर्धीच खरी. करक मरूद्यान नाही, पण शेख धान्य नेतो, पोराला नेत नाही. सरकार दोन्ही नेते आणि येमेनमध्ये लढायला धाडते. हा फरक मरूद्यानातल्या आईलाही कळत होता.

अलिप्त_प्रवासी

माझं मत खंडणीवरच कायम आहे, फक्त आता खंडणीखोरांच्या यादीत सुलतान पहिला आणि शेख दुसरा. आणि खैबरचा कसणारा दोघांच्याही खाली. त्याच्यासाठी 'परस्परावलंबन' हा शब्द कुणी वापरला तर मी भांडणार.

ताम्हण

सगळं वाचून झालं. एक प्रश्न. सबंध धाग्यात घेणं-देणं पुरुषांचंच. बदू बायका गावात येत नव्हत्या का?

दमामकर

@ताम्हण, येत होत्या की! तंबूतलं बहुतेक उत्पादन त्यांच्याच हातचं. कातडी पिशवीत दूध घुसळून काढलेलं लोणी कढवून 'समन' करायच्या, म्हणजे तूपच. लोकर, तंबूच्या विणलेल्या पट्ट्या हेही. हे सगळं गावच्या बाजारात यायचं, पण पैसे क्वचित हातात पडायचे. कारण पावसाळा हुकला की टोळी धान्य आणि कापड दुकानदाराकडून उधारीवर उचलायची, आणि पुढच्या वसंतातलं तूप आधीच त्याच्या नावावर. भाव दुकानदार ठरवणार. खुव्व्याच्या वहीत घेणारा बदू, पण दुकानदाराच्या वहीत देणेकरी तोच. @अलिप्त_प्रवासी, तुम्ही विचारलंत त्या रेघेची दुसरी बाजू ही.

शंकासुर

घ्या! आता सावकारही निघाला. आणि तुम्ही हे इतक्या उशिरा सांगताय?

अलिप्त_प्रवासी

दमामकर, या उधारीवर स्वतंत्र धागाच काढा. दुकानदार कोण होते, व्याज कसं लावायचे, आणि टोळीने बुडवलं तर वसुली कोण करायचं, हे सगळं हवंय. इथे खाली ढकललं तर कुणी वाचणार नाही.

दमामकर

शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा लिहितो.